हात वर आहे तोवर

औषधांच्या रांगेत व्हायोलिनच्या मास्तरांना धाकट्या बहिणीनं गाठलं. मागची बाई कान देऊन ऐकू लागली.

"दादा, काल गोळीबारात मुलांना तूच धीर दिलास म्हणे."

"मी? त्यांना आतल्या खोलीत भिंतीशी बसवलं आणि स्वतः टेबलाखाली शिरलो."

"आणि मुलं?"

"वाजवत राहिली. माझा हात वर आहे तोवर थांबायचं नाही, हा माझाच नियम."

"मग खाली घ्यायचास."

"मी खाली, हात मात्र टेबलाच्या वरच राहिला. भान कुणाला होतं?"

"बरं, मग?"

"सगळं शांत झाल्यावर धाकटी विद्यार्थिनी म्हणते, सर, आज लय फारच चढवलीत."

"म्हणजे?"

"हात थरथरत होता गं. पोरांनी तीच लय धरली."

"उद्या तरी शिकवणी बंद ठेव."

"पोरं येणार म्हणतायत. घरी एकटा बसलो, तर मला कोण सांभाळणार?"