सुंदर अक्षराचा अर्ज

हसा, पण बाहेर बोलू नका. पत्नी गेल्यावर मी गौराक्काच्या खाणावळीत जेवायचो. एकदा तिच्या चुलीमागे वनस्पती तुपाचा डबा दिसला. भेसळीचा कायदा मला तोंडपाठ. घरी येऊन म्युनिसिपालिटीला निनावी अर्ज लिहिला.

तिसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी इन्स्पेक्टर आला. सगळ्यांसमोर त्याने तो डबा उघडला. आत शेंगाचटणी! गौराक्काने रिकामा डबा बाजारातून आणला होता. तरीही इन्स्पेक्टर तुपाचा नमुना घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला मी एकटाच होतो.

गौराक्का कागद घेऊन आली. "मास्तर, माझं तूप चोख हाय, असं म्युनिसिपालिटीला लिहून द्या की. सायबाला चांगलं अक्षर आवडतं. त्यो तक्रारीचा अर्ज लई सुंदर अक्षरात हाय म्हनत हुता."

तिथे कुणी अक्षर ओळखू नये म्हणून मी, शाळेत अक्षर शिकवणारा मास्तर, मुद्दाम वेडंवाकडं लिहू लागलो.

ते बघून ती म्हणाली, "हात कापतोय की मास्तर! वैनी गेल्यापास्नं अंगात ताकदच न्हाय तुमच्या. ऱ्हाऊ द्या, आधी जेवा."

आणि माझ्या भातावर तिने आणखी एक पळी तूप ओतलं.