चाकांवरच्या घराचं दार

...आणि वर मलाच म्हणतो, "काका, दार जरा प्रेमानं लावत जा." मला! आता मी चाळीस वर्षं दारं बसवलेला माणूस. शाळांची बसवली, दवाखान्यांची बसवली, एका वकिलांच्या घरी तर आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून दुहेरी दार बसवून दिलं, आजही नवरा-बायको सुखात आहेत. आणि हा कंपनीचा माणूस, ज्याला बिजागरी कुठल्या बाजूला असते ते वाकून बघावं लागतं, तो मला प्रेम शिकवतो.

गाडी कुठली ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा मधूनच सुरू झाला. मोटारीच्या पाठीवर घर असतं ना, ती गाडी. आत पलंग, शेगडी, कपाट, मोरी, सगळं आहे, फक्त हात पसरून आळस देता येत नाही. बाजूला एक दार, चढायला पायरी. कोरी करकरीत गाडी, शेगडी पेटते, पाणी येतं, दिवे लागतात... दार लागत नाही. पहिल्यांदा ढकललं तर लागत नाही, दुसऱ्यांदा लागलं तर उघडत नाही, आणि तिसऱ्यांदा उघडलं ते चालत्या गाडीत, वळणावर, आपलं आपण. ही मागे बसली होती. शांतपणे म्हणाली, "अहो, आपला डबा उतरला."

कंपनीचा पहिला माणूस आला. "काका, नवीन आहे ना, वापरून वापरून सैल होईल." बरं. आठ दिवसांनी दुसरा आला. "काका, नवीन आहे ना, वापरून वापरून घट्ट होईल." म्हटलं, तुम्ही दोघं आधी एका ठिकाणी बसून ठरवा, मग या. तर तिसरा आला तो हा, प्रेमवाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी घाई कसली होती, होईल दार सावकाश. घाई होती. सांगतो, पण त्यात माझी शोभा आहे, तेव्हा हसू नका.

मला एकच मुलगा. दातांचा डॉक्टर, दुसऱ्या गावात असतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं घर घेतलं. राहायला गेले त्या दिवशी चाळीसेक माणसं आलेली, सगळ्यांच्या हातात बशा, आणि मी उंबऱ्यातच अडकलो. पुढचं दार खाली घासत होतं. आता मी चाळीस वर्षं दारं बसवलेला माणूस, माझा पाय आत पडेना. स्क्रूड्रायव्हर खिशात होताच. दहा मिनिटांचं काम म्हणून दार उतरवलं आणि हॉलमध्ये आडवं घातलं. दहा मिनिटांचे चार तास झाले. माणसं दार ओलांडून जेवायला गेली, सूनबाईंची आई वाऱ्यात बसून शिंकायला लागली, आणि मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आज राहू द्या ना," तर मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुला दातांपलीकडे काय कळतं?" तो बशा गोळा करायला लागला. सगळे गेल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्हाला माझं घर दिसलंच नाही. दार दिसलं."

त्यानंतर फोन यायचे ते हिला. मी शेजारी बसून ऐकायचो. "बाबा बरे आहेत ना?" "बरे आहेत." एवढाच माझा वाटा. दोन वर्षं! आणि मग एक दिवस त्यानं सांगितलं, नातीचा सातवा वाढदिवस आहे, "दोघंही या." दोघंही. हिनं तो शब्द मला तीनदा सांगितला, रात्री उशाशी येऊन चौथ्यांदा सांगितला.

गाडीची कल्पना हिचीच. माझं वर्कशॉप बंद केलं होतं, त्या जागेचे पैसे आले त्यातून घेतली. ही म्हणाली, "आपण आपल्या घरात, ते त्यांच्या घरात. उठता-बसता त्यांचं दार तुमच्या डोळ्यांसमोर नको." आता बघा, बायकोला नवऱ्याची किती खात्री असावी! नवऱ्याला आवरता येत नाही म्हणून तिनं घरालाच चाकं लावली.

आणि त्या घराचं दार बिघडलेलं. हा न्याय म्हणायचा की चेष्टा?

वाढदिवसाला तीन आठवडे होते. म्हटलं, कंपनी गेली उडत, आता मी चाळीस वर्षं दारं बसवलेला माणूस, मीच करतो. गाडी आमच्या घराशेजारच्या बोळात उभी होती. चौकटीला गुण्या लावला, तर चौकट काटकोनात नाही. हसलो मी. म्हटलं, कंपनीवाले, सापडलात. बिजागऱ्या सरकवल्या, खटका दोन सूत खाली घेतला, रबराची पट्टी जाड वाटली ती पटाशीनं तासली. आणि दार असं लागलं म्हणता, लोण्यात सुरी जावी तसं. हिला बोलावून सहा वेळा लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर नेली, पेट्रोल भरायला थांबलो, दार उघडेना. घरी आणली, उघडलं. बाहेर नेली, अडलं. घरी आणली, लोणी. असं किती वेळा म्हणाल? अकरा वेळा. ही म्हणाली, "घरी शहाणं आणि चारचौघांत आडमुठं. असा आणखी एक माझ्या माहितीत आहे." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तीन दिवस उरले तेव्हा मी म्हणालो, असं दार घेऊन जाणं बरोबर नाही, पुढच्या महिन्यात जाऊ. ही भांडी आवरत होती. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, दार दुरुस्त होत नाहीये, की तुम्हाला होऊ द्यायचं नाहीये?"

तुम्हाला सांगतो, मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कारण खरं होतं. मला भीती वाटत होती. चाळीस वर्षं मी लोकांच्या दारात निर्धास्त उभा राहिलो, हत्यारं घेऊन. नुसत्या हातांनी पोराच्या दारात कसं उभं राहायचं, ते कुठे मला कुणी शिकवलं होतं? ही पुढे म्हणाली, "मी परवा निघणार. दाराला दोरी बांधा नाहीतर स्वतःला बांधा, पण चला." दाराला बांधली.

पोचलो. त्यांचा रस्ता चढाचा. गाडी लावली, पुढच्या दारानं मी उतरलो, मागे जाऊन दोरी सोडली, मूठ ओढली... ढिम्म. ही आत. गुडघ्यांमुळे तिला पुढच्या सीटांमधून येता येत नाही. नात बाहेर उड्या मारतेय, आजी आत खिडकीशी हसतेय, आणि मी एक पाय गाडीला लावून मूठ खेचतोय. शेजारचे लोक बाहेर आले. एकानं विचारलं, "आत कुणी आजारी आहे का?" ही खिडकीतून म्हणाली, "नाही हो, आत मी आहे, आजार बाहेर आहे."

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "थांबा बाबा. ओढू नका."

दोन वर्षांनी पोराचं माझ्याशी पहिलं वाक्य. आणि तेही कसं, खुर्चीत बसलेल्या पेशंटला सांगतात तसं, हळू. मी हात काढला. तो दहा पावलं मागे गेला, मान तिरकी करून गाडी बघितली आणि म्हणाला, "गाडी वाकडी उभी आहे. जबडा वाकडा असला तर दातांत दोष काढून काय उपयोग?" घरातून दोन फळ्या आणल्या, खालच्या बाजूच्या चाकांपुढे ठेवल्या, मला म्हणाला, चढवा. चढवली. मग त्यानं बाहेरून बिजागरी दोन आटे सैल केली, आणि दार उघडलं. ही उतरली, आणि सरळ त्याच्या गळ्यात पडली.

मी तिथेच उभा. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या बोळात मागचं एक चाक गटाराच्या झाकणावर असतं, चार बोटं वर. घराची चौकट एकदा बसली की जन्मभर हलत नाही. गाडीची चौकट मात्र ती जिथे उभी राहील तशी पिळते. मी चौकटीला गुण्या लावला, पण गाडी सपाट उभी आहे का ते बघायला पाणसळ लावलीच नाही. वाकड्या गाडीत दार नीट बसवत बसलो, तीन आठवडे! आता मी चाळीस वर्षं दारं बसवलेला माणूस... जाऊ द्या.

पण मुलगा थांबला नाही. दवाखान्यातून निळा कागद आणला, पातळ. दात कुठे जास्त लागतो ते बघायला पेशंटला चावायला देतात तो. दाराच्या कडेत धरला, दार मिटलं, उघडलं, निळा डाग कुठे पडला ते बघून बिजागरी सरकवली. पुन्हा कागद, पुन्हा डाग. अहो, आम्ही खडू लावतो, हा कागद लावतो. काम तेच. हात धरायची तऱ्हा माझी, ओठ दाबायची तऱ्हा माझी. आणि मी या माणसाला चारचौघांत म्हणालो होतो, तुला दातांपलीकडे काय कळतं. मला तिथे रडू आलं, खोटं कशाला बोलू? रबर बघून त्यानं विचारलं, "हे कुणी तासलं?" म्हटलं, "मीच. चुकलो." एवढंच बोललो. त्यानं मान हलवली. दोघांनाही कळलं, रबराबद्दल बोलणं नव्हतं.

वाढदिवस होऊन आठ दिवस झाले, अजून तिथेच आहोत. दार आता एका बोटानं लागतं. येणारा-जाणारा लावून बघतो, मुलगा माझ्याकडे बघतो, मी म्हणतो, "झकास." तुम्हाला म्हणून सांगतो, वरच्या कोपऱ्यात ते केसभर घासतंय. अर्धा आटा फिरवायचा, दोन मिनिटांचं काम. सकाळी तो दूध घेऊन आत येतो, दार लावतो, खर्रर्र होतं. तो गेला की ही विचारते, "वर घासतंय, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

मी म्हणतो, "वय झालं गं आता. हल्ली मला कमी ऐकू येतं."