कुटुंबप्रमुखाची सही

वसुंधरा – पेन खाली ठेव. ‘विभक्त चूल’ या रकान्यात ‘होय’ लिहिण्याआधी मला सांग, तुझी चूल आहे कुठे?

प्रणित – कामोठ्यात, मॅडम. रूमवर. चौघांत एक शेगडी आहे.

वसुंधरा – शेगडी तुझी?

प्रणित – नाही, स्वानंदची. लातूरचा आहे तो. शिजवतो पण तोच. मी भांडी घासतो.

वसुंधरा – म्हणजे चूल स्वानंदची, भांडी प्रणितकडे, आणि वेगळं रेशनकार्ड हवंय प्रणितला. अरे बाळा, एकतीस वर्षं पुरवठा खात्यात खुर्ची झिजवली मी. असे अर्ज दुसऱ्या दिवशी परत जायचे, आणि परत पाठवणारी मीच असायची. आता निवृत्त झाल्यावर दर बुधवारी तुमच्या कॉलेजात येऊन बसते, ती पापं फेडायला. तेव्हा खरं काय ते सांग. कार्ड कशाला पाहिजे?

प्रणित – तांदळासाठी.

वसुंधरा – ते कळलं. एकदम आत्ताच का?

प्रणित – रूमवर ठरलंय, या महिन्यापासून ज्याने त्याने आपापले तांदूळ आणायचे. बाकी तिघांच्या घरून पोती येतात. माझं आत्तापर्यंत भांड्यांवर चाललं. आता रूममधला अपूर्व म्हणाला, भांडी सगळेच घासू, तू तांदूळ आण, नाहीतर मेस बघ. चुकीचं नाही बोलला तो.

वसुंधरा – मग सध्या जेवतोस काय?

प्रणित – चारला वडापाव. रात्री ते जेवले की उरलेलं. मी उशिराच जातो रूमवर, म्हणजे त्यांना आग्रह करायला लागत नाही.

वसुंधरा – घर कुठे तुझं?

प्रणित – उलव्याच्या बाजूला, गावात.

वसुंधरा – अर्ध्या तासावर.

प्रणित – सगळे हेच बोलतात. आणि वर हसतात. एअरपोर्टवाल्याला काय कमी, म्हणतात. मॅडम, ज्यांच्या जमिनी विमानतळात गेल्या त्यांना प्लॉट मिळाले. आमची नव्हती. बाबा दुसऱ्याच्या मिठागरात कामाला होते. मिठागर गेलं, काम गेलं, संपलं. पण उलवे म्हटलं की माझ्या भुकेवर कोणाचा विश्वासच बसत नाही.

वसुंधरा – माझा बसला. आता घरी का जेवत नाहीस, ते सांग.

प्रणित – घरी बाबा असतात.

वसुंधरा – बरं मग?

प्रणित – आम्ही बोलत नाही.

वसुंधरा – कशावरून भांडलात?

प्रणित – भांडलो असतो तर बरं झालं असतं. मिटवायला तरी काहीतरी असतं. नुसतंच बोलणं नाही. आई गेल्यावर महिनाभर एका घरात होतो. ते ओट्यावर बसायचे, मी आत. एकदा मी मोजलं होतं, तीन दिवसांत एकच वाक्य झालं. लाइट गेली, एवढंच. मग मी कामोठ्याला आलो.

वसुंधरा – कार्डाची झेरॉक्स काढ बघू. हा फोटो आईचा?

प्रणित – हो.

वसुंधरा – भामा काशीराम घरत, कुटुंबप्रमुख. बरोबर आहे, कायद्याने घरातली मोठी बाईच प्रमुख. काशीराम, पती. प्रणित, मुलगा. कधी गेल्या?

प्रणित – मागच्या वर्षी. नवरात्रात.

वसुंधरा – आणि नाव अजून कार्डावर? तुझं नाव वेगळं काढायचं तर अर्जावर प्रमुखाची सही लागते. प्रमुख तर तुझी आई. आता कोणाची सही आणणार आहेस तू?

प्रणित – बाबांना मेसेज केलाय सकाळी. कार्डाचं काम आहे, दोन वाजता कॉलेजला या. येतील असं वाटत नाही.

वसुंधरा – थांब, कार्डाचा नंबर टाकते. हे कॉलेजचं इंटरनेट म्हणजे मुंगी बरी. हं, आलं. प्रणित, इकडे ये. हे बघ. या कार्डावर चौदा महिने दाणा उचललेला नाही.

प्रणित – असं कसं होईल? चुकलं असेल काहीतरी.

वसुंधरा – अंगठा लावल्याशिवाय दाणा मिळत नाही, आणि अंगठा लागला की इथे नोंद दिसते. एकही नाही. शिवाय खाली लाल अक्षरात काय लिहिलंय? एकाही सदस्याची आधार पडताळणी झालेली नाही. महिनाअखेरीपर्यंत झाली नाही तर कार्ड बंद.

प्रणित – पण मला वाटायचं, तिघांचं धान्य ते एकटेच नेतात. पंधरा किलो. मला राग त्याचाच होता, मॅडम. मी रात्री उरलेलं खातो आणि माझ्या वाटणीचं घरात शिजतंय, असं वाटायचं.

(काशीराम दाराशी येऊन उभे राहतात. हातात चपला.)

काशीराम – मॅडम, मी घरत. पोराचा मेसेज व्हता.

वसुंधरा – या, या. चपला घाला हो, देऊळ नाही हे. बसा त्याच्या शेजारी. बरं, तिकडे खिडकीजवळ बसायचंय? बसा.

काशीराम – त्याला विचारा, काम काय हाय.

वसुंधरा – तो तुमच्यापासून चार फुटांवर आहे.

काशीराम – हाय ना. दिसतो.

प्रणित – मॅडम, त्यांना विचारा, धान्य का नाही उचललं.

वसुंधरा – अस्सं. म्हणजे मी मधे बसून निरोप पोचवायचे. ठीक आहे, सरकारी नोकरीत हेच केलं जन्मभर. काशीरामभाऊ, चौदा महिने दुकानात गेला नाहीत. का?

काशीराम – गेल्तो एकदा. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी. दुकानवाला बोलला, आता सगळ्यांचे अंगठे लागतील, घरातल्या सगळ्यांना घेऊन ये. मी बोललो, आनतो.

वसुंधरा – आणि?

काशीराम – मंग नाय गेलो.

वसुंधरा – बायको वारली एवढं सांगायचं होतं.

काशीराम – तिथं बाया उभ्या असतात लायनीत. सगळ्या तिच्या वळखीच्या. त्यांच्यासमोर तो पेनानं नाव कापनार. मला नाय जमलं. घरी येऊन कार्ड डब्यात ठेवलं. बोललो, नको तो तांदूळ.

वसुंधरा – मग खाता काय?

काशीराम – मी साइटवर वॉचमन हाय आता. तिथं एक बाई कामगारांना डबे देते. एक टाइम तिच्याकडं. सकाळी चाय-पाव. माझं भागतं. माझी काळजी नव्हती. पोरगा हॉस्टेलच्या मेसमधी जेवतो, मंग घरात तांदूळ आनून करायचा काय?

प्रणित – कुठल्या हॉस्टेलच्या? मॅडम, मी हॉस्टेलला नाही. फॉर्म भरला होता, नंबर नाही लागला. त्यांना सांगितलं होतं मी.

काशीराम – मला नाय सांगितलं. फॉर्म भरला तवा आईला सांगितलेलं. तिनं मला सांगितलं, पोरगा हॉस्टेलला चाललाय. पुढचं सांगायला ती नव्हती.

वसुंधरा – तुमच्या घरात सगळं बोलणं त्यांच्यामार्फतच व्हायचं वाटतं.

काशीराम – व्हय. हा आत सांगायचा, ती भाईर येऊन मला सांगायची. माझं परत आत जायचं. वीस वर्षं असंच चाललं. आमचं भांडन पन तीच भांडायची दोनी बाजूनं. ती गेली, मंग मला कळलं, याच्याशी बोलायची मला सवयच नाय.

वसुंधरा – आता मी काय सांगते ते दोघंही ऐका. प्रणित, तुला वेगळं कार्ड नकोच आहे. नाव याच कार्डावर राहू दे. कामोठ्यातल्या रेशन दुकानात तू अंगठा लाव, तुझे पाच किलो तुला तिथे मिळतील. यांचे पाच हे गावात घेतील. अशी सोय आहे, पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून तर मी इथे बसते.

प्रणित – मग झालं काम. लावतो अंगठा.

वसुंधरा – नाही झालं. कार्ड आधी जिवंत झालं पाहिजे. त्यासाठी आईचं नाव कमी करायचं, प्रमुख म्हणून काशीरामभाऊंचं लावायचं, मग दोघांचे अंगठे. मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. आणि महिनाअखेरीच्या आत.

काशीराम – तिचं नाव असू द्या ना वरती. तिचे पाच किलो नको आमाला. नुसतं नाव.

वसुंधरा – नुसतं नाव ठेवता येत नाही हो. तसा रकाना नाही.

काशीराम – मंग पुढच्या बुधवारी येतो.

वसुंधरा – पुढच्या बुधवारीही रकाना नसेल.

प्रणित – राहू दे, मॅडम.

वसुंधरा – काय राहू दे?

प्रणित – नका काढू नाव. कार्ड बंद होईल तर होऊ दे. मी काहीतरी बघतो. क्लासमध्ये शिकवतो दोन तास, नाहीतर काहीही. त्यांना नसेल काढायचं तर नको. मलाही नाही काढायचं. मी आलो तेव्हा मला माहीत नव्हतं, की माझ्या अर्जाने तिचं नाव जाणार आहे.

काशीराम – मॅडम, तो आता काय खातो?

वसुंधरा – विचारा की त्याला.

काशीराम – तुमी सांगा.

वसुंधरा – सांगते. दुपारी चारला एक वडापाव. रात्री रूमवरची मुलं जेवून उठली, की पातेल्यात उरलं असेल ते. मुद्दाम उशिरा जातो. आणि आता ते पातेलंही बंद होतंय.

प्रणित – मॅडम, एवढं सगळं कशाला सांगितलं?

वसुंधरा – कारण तुझी आई इथे असती तर तिने हेच सांगितलं असतं. मला रागव हवं तर. माझ्यावर रागवायलाही घरी कोणी नाही, तेवढाच बदल. माझ्या कार्डावर एकच नाव आहे, प्रणित. पांढरं कार्ड, दाणा मिळत नाही, नुसता पत्त्याचा पुरावा. प्रमुख मी आणि सदस्यही मीच. तू मघाशी ‘विभक्त चूल, होय’ लिहायला निघालास ना, तेव्हा मला तुझी भीतीच वाटली. एकदा ते लिहिलं, की पुन्हा कोणी विचारत नाही. मी ते लिहून सात वर्षं झाली, मला नाही कोणी विचारलं.

काशीराम – हा घ्या.

वसुंधरा – काय हे? दाखला? तुमच्याजवळच होता?

काशीराम – ग्रामपंचायतीनं दिला त्या दिवसापासून खिशात हाय. घरी ठेवला तर नदरेस पडतो. फेकायचा पन नसतो. पिशवीत घातलाय, घामानं खराब व्हायला नको.

वसुंधरा – घड्या जपून उघडते. भामा काशीराम घरत. वय सेहेचाळीस. काशीरामभाऊ, अजून विचार करा. मी आज बसलेय पाचपर्यंत.

काशीराम – झाला विचार. तिनं त्याला उरलेलं कधी वाढलं नाय. आधी त्याचं ताट, मंग माझं, मंग तिचं. मी ते नाव धरून बसलो आणि तिचा पोरगा दुसऱ्याच्या पातेल्यात बघतो. तिला आवडलं नसतं. कापा.

वसुंधरा – कापत नाही हो. ‘कमी करणे’ म्हणतात.

काशीराम – तुमी काय पन म्हना. सई कुठं करू?

वसुंधरा – इथे, ‘कुटुंबप्रमुख’ लिहिलंय त्याच्या वर. प्रणित, त्यांना पेन दे. नको, माझ्याकडे नको देऊस, त्यांच्या हातात दे.

प्रणित – घ्या.

काशीराम – इथं तीच करायची सई. दोन अक्षरं, भा आणि मा. लई हळू करायची, मागचा मानूस ओरडायचा. झाली. बघा बरोबर हाय का.

वसुंधरा – बरोबर आहे. आता अंगठे. हे यंत्र जरा हट्टी आहे, रुमालाने पुसून लावा. मिठातलं काम केलेल्या हातांच्या रेषा त्याला लवकर सापडत नाहीत. पुन्हा. दुसरं बोट लावा. हां, घेतलं. प्रणित, तू. झालं. आज ऑनलाइन भरते, कागद उद्या स्वतः पुरवठा ऑफिसात नेऊन देते. तिथे अजून दोघीजणी ओळखतात मला. पुढच्या महिन्यापासून दाणा सुरू होईल. कार्डावर दोन नावं.

प्रणित – थँक्यू, मॅडम.

काशीराम – मॅडम, त्याला एक विचारा.

वसुंधरा – मी आता हा अर्ज भरतेय. अर्ज भरताना मला काही ऐकू येत नाही, ऑफिसातही सगळ्यांना माहीत होतं. तुम्हीच विचारा.

काशीराम – प्रणित.

प्रणित – हं.

काशीराम – भाताला पानी किती घालतात रे?

प्रणित – माहीत नाही, बाबा. आईला कधी विचारलंच नाही.