ओळखा, कोणतं सरकार?

इतिहासकार : हा खेळ माझ्यासाठी फारच सोपा आहे. पहिलं कार्ड काढ.

बायको : घाई करू नका. नीट ऐका. ‘तत्त्वतः आमची काहीच हरकत नाही. फक्त वेळ जरा चुकीची आहे.’

इतिहासकार : अगं, हे तर तोंडपाठ आहे मला! परराष्ट्रखातं. बंदरात निर्वासितांची बोट उभी, आणि मंत्रिमहोदय बागेत फोटो काढून घेतायत.

बायको : बरं. ‘मला त्यांचा कळवळा आहेच, पण आज एकाला घेतलं तर उद्या रांग लागेल.’

इतिहासकार : गृहखातं. उपसचिव. सही हिरव्या शाईत.

बायको : शाईसुद्धा कळली?

इतिहासकार : चाळीस वर्षं घातलीत यात. कुठंही वंशसंहार झाला की शेजारच्या देशांनी दारं का लावून घेतली, हे जो तो मलाच विचारायला येतो. पण आज सकाळी सकाळी माझी परीक्षा कशाला? आणि ही कार्डं कुठल्या खोक्यातली? अक्षर तुझं दिसतंय.

बायको : तुमच्या चारही पुस्तकांच्या मुद्रणप्रती मीच लिहून काढल्यात. हात बसलाय. आता शेवटचं. ‘आधी तिकडे नेमकं काय घडलं ते कळू द्या. आकड्यांची खात्री व्हायचीय.’

इतिहासकार : शी! हा सगळ्यात निर्लज्ज. तिकडे गल्ल्याच्या गल्ल्या कापून काढतायत आणि हा बेरजा तपासतोय. नाव सांग, नव्या आवृत्तीत सालटंच काढतो त्याचं.

बायको : तुम्ही.

इतिहासकार : मी काय?

बायको : पहिलं मंगळवारी, दाढी करताना. दुसरं गुरुवारी, मला कात्री शोधायला पाठवून. आणि हे शेवटचं परवा. ती निर्वासित घड्याळवाली आपलं घड्याळ दुरुस्तीला न्यायला आली होती, तेव्हा सांगून गेली ना, तिच्या गल्लीत एक्केचाळीस घरं होती, आता दोन उरलीत म्हणून? तिची पाठ वळल्यावर तुम्ही मला म्हणालात.

इतिहासकार : हा विश्वासघात आहे.

बायको : संशोधन आहे. एका कार्डावर एकच वाक्य, खाली तारीख, कोपऱ्यात कोण म्हणालं ते. पद्धत तुमचीच.

इतिहासकार : अगं, मी इतिहासकार आहे, सरकार नाही!

बायको : वरच्या खोलीची किल्ली तुमच्या खिशात असते. तेवढ्यापुरतं सरकारच. ती खोली घड्याळवालीला आणि तिच्या बाबांना देऊ या, असं मी म्हटलं त्याला तीन आठवडे झाले. उद्या शाळा उघडतेय. शाळेच्या हॉलमध्ये आसरा घेतलाय त्यांनी, तिथून आज निघायला सांगितलंय.

इतिहासकार : वर एकशे बारा खोकी आहेत, त्याचं काय?

बायको : कशाची खोकी?

इतिहासकार : कागदांची.

बायको : कसल्या कागदांची?

इतिहासकार : …निर्वासितांच्या.

बायको : हं.

इतिहासकार : असं ‘हं’ म्हणू नकोस. एकशे अकरा नुसत्या नकारांची आहेत. होकारांचं एकच, तेही अर्धं रिकामं. नकार देणारे किती लिहितात! समित्या, खुलासे, खुलाशांवरचे खुलासे. होकार देणारे मात्र एक ओळ लिहून ठेवतील तर शपथ. दार उघडतात आणि कामाला लागतात. इतिहासकाराच्या दृष्टीनं अत्यंत बेजबाबदार माणसं.

(दारावर टकटक होते.)

घड्याळवाली : येऊ का, मावशी? काकांचं भिंतीवरचं घड्याळ झालं. रोज अकरा मिनिटं मागं पडायचं, आता एखादं पडेल. वय झालंय त्याचं, त्याला ओरडू नका. दर रविवारी किल्ली द्या.

बायको : तूच ये की द्यायला.

घड्याळवाली : आम्ही नसू, मावशी. दुसऱ्या शहरात छावणी आहे म्हणतात. तिथं पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. बाबांच्या डोळ्यांत दुपारचे थेंब कोण घालणार, तेवढं कुणाला तरी विचारायचंय.

बायको : आहेत कुठं ते?

घड्याळवाली : फाटकाशी. हत्यारांच्या पेटीवर बसलेत. पेटी सोडून येत नाहीत.

इतिहासकार : हे बघ मुली, वर एक खोली आहे आमच्याकडे. म्हणजे, आहे तशी. पण जिना अरुंद. सतरा पायऱ्या. तुझ्या बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला, तर त्यांच्याच भल्यासाठी…

बायको : थांबा हं, थांबा. माझं पेन कुठं गेलं?

घड्याळवाली : बाबा दोन डोंगर चढून आलेत, काका. माझ्या पुढे होते.

बायको : हं, सापडलं पेन. सतरा पायऱ्या, पुढे?

इतिहासकार : सतराच आहेत तशा. आणि कठडा आहे.

घड्याळवाली : म्हणजे?

इतिहासकार : म्हणजे बाबांना आत बोलाव. पेटीही आत घ्या, वर मी चढवतो नंतर. ही बघ किल्ली, कुलूप जरा अडतं.

बायको : मग आज काय लिहू? तारीख घालून ठेवलीय मी.

इतिहासकार : राहू दे ते कार्ड. वर चल, खोक्याची एक बाजू धर.