सर्व्हरवर अडलेली पत्रं

हॅलो? … हो, छापखानाच. बोला … कोण? जरा मोठ्याने, कटिंग मशीन चालू आहे … थांबा, दार लावते.

हां, आता बोला … कोण, चिमी? अगं बाई! आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा.

मी कशी असणार? अकरा वर्षांपूर्वी तू गेलीस तेव्हा होते तिथेच, त्याच खुर्चीत. फक्त आता ऑफिसचे ईमेलही मीच सांभाळते. तू बोल.

… कसली पत्रं? … बाबांना? … बावीस! दीड वर्षात बावीस? आणि एकाचंही उत्तर नाही. च्च च्च.

स्पॅममध्ये गेली असतील गं. हल्ली औषधांच्या लेबलांच्या ऑर्डरीसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडतात.

हो, हो … अगं ऐक ना … उघडतात की. बाबा रोज उघडतात तो फोल्डर. चहा झाला की चष्मा लावून एकेक मेल वाचतात. ऑर्डर हुकू नये म्हणून, असं सांगतात. परवा तर 'लॉटरी लागली' म्हणणाऱ्या चोराला उत्तर लिहिलं, 'आभारी आहे, मला गरज नाही.'

… म्हणजे तुझी पत्रं त्यांना दिसायला हवी होती. बरोबर. हुशार आहेस. बाबा सांगतातच सगळ्यांना, धाकटी हुशार.

… कोण म्हणालं? … नवरा? हो, तो कॉम्प्युटरवाला ना, विसरलेच. काय म्हणाला?

… सर्व्हरवर. हं.

बरोबर म्हणाला. सर्व्हरवरच अडवलीत. मीच अडवलीत.

ओरडू नकोस. ओरडलीस तर ठेवून देईन.

आधी बाबांच्या कॉम्प्युटरवरच केली होती सोय. तुझा पत्ता दिसला की मेल थेट स्पॅममध्ये. पण तिथे तर ते रोज उकरतात! तुझंच नाव शोधतात गं, ऑर्डर कसली. आणि कॉम्प्युटरवरचा नियम त्या कॉम्प्युटरपुरता. मोबाइलवर तुझं पत्र सरळ समोर टपकलं. नशीब माझं, मोबाइल चार्जिंगला माझ्याच टेबलावर होता. म्हटलं, पाहुण्याला घरात घेऊन माळ्यावर लपवण्यापेक्षा फाटकातच अडवावं. सगळी मेल आधी सर्व्हरवर येते; तिथेच अडलं की ना कॉम्प्युटरवर, ना मोबाइलवर.

… परत कशाला पाठवू? परत पाठवलं असतं तर 'पोचलं नाही' असा निरोप आला असता तुला. मग आठवड्यात फोन केला असतास. आता कसं, दीड वर्ष वाट बघितलीस.

… त्यांना फोन देऊन काय उपयोग? फोनवर ऐकू येत नाही त्यांना. समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळतं. तुला माहीत नाही … कसं माहीत असणार!

… ये की. ये, दाखव तुझी पत्रं. मी म्हणेन, गाडीत बसून लिहिली आणि नवऱ्याने मागच्या तारखा घालून दिल्या. कोणाचं खरं मानतील? त्यांच्या पायाला औषध कोण लावतं रोज?

… का? का म्हणून विचारतेस? बाबा तुझ्या या नवऱ्याला नको म्हणाले आणि तू टेबलावर चिठ्ठी ठेवून चालती झालीस. आईला जाऊन तीन आठवडे झाले होते, चिमे. माझं लग्न ठरलं होतं. मी मोडलं. मी राहिले. आणि त्यांना रोज हवी कोण? तू!

… हो, विचारतात तर काय. लिहितातही … तुला, आणखी कोणाला? चौदा लिहिली, तुझ्या त्या चिठ्ठीवरच्या ईमेलच्या पत्त्यावर. बाहेर जाणारी मेलही त्याच सर्व्हरवरून जाते गं.

… रडू नकोस, बोललेलं कळत नाही.

… कुठे म्हणजे? अडवलेलं तीस दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. तेरा गेली. एक आहे अजून, मंगळवारचं.

… वाचू? बरं. थांब … 'चिमे, तू लिहीत नाहीस, म्हणजे राग अजून आहे. चूक माझी होती. एकदा तरी …'

बास. एवढं पुरे.

… सोडू म्हणतेस? इथे दोन बटणं आहेत बघ. एक सोडायचं, एक पुसायचं … हो, ऐकतेय. 'ताई, चुकले' … पुन्हा म्हण … अजून एकदा … हं. बरं वाटलं.

पुसलं.

… अगं, गप्प बस जरा, बाबा हाक मारतायत. ऐकू आली? स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून एवढ्या मोठ्याने … हो, 'चिमे'च म्हणाले. मलाच म्हणतात. तोंडात तेच बसलंय त्यांच्या. अकरा वर्षं तुझ्या नावाला मी ओ देतेय.

आले, बाबा! … ठेवते.