शेळीला मिळालेले बदाम

मोबाइलचं कौतुक मला सांगू नका. परवा आमची शेळी हरवली. नातीनं 'शेळी हरवलीय' असं लिहून फोटो इन्स्टावर टाकला, तर पोरापोरींनी लाल बदाम पाठवले. लेकानं फेसबुकवर टाकला, तिथं शेळीला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. तिचा वाढदिवस मलाच ठाऊक न्हाय. व्हॉट्सॲपवर भावकीनं नुसते हात जोडले.

शेवटी मीच काठी घेऊन निघालो. शेळी शेजारच्या दगडूच्या दारात पाला खात उभी.

"दगडू, फोटो बघितला न्हाईस व्हय रं?"

"बघितला की आबा. लई झ्याक आलाय. पैला बदाम माझाच हाय."

"आन् शेळी हरवलीय, हे वाचलं न्हाईस?"

"फोटोखालचं कोण वाचतंय, आबा?"