मायची वाचा

तुमाले सांगतो, अमरावतीले मायच्या मेंदूतली गाठ काढली तवाची गोष्ट. गाठ बोलण्याच्या भागाजवळ होती. वाचा जाऊ शकते, असं डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले अन् बाबाकडे बोट दाखवून म्हणाले, "आजी, यांचं नाव काय?"

माय गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. डॉक्टरचा चेहरा उतरला. बाबा तर रडालेच लागले.

मी म्हटलं, "साहेब, तिनं जन्मात त्याइचं नाव घेतलं नाई. दुसरं काई विचारा."

"बरं आजी, यांच्याशी काहीतरी बोला."

माय बाबाकडे वळली. "अवो, रडून काय राहिले? म्हैस कोनाच्या भरवशावर सोडून आले?"

डॉक्टर हसले, "वाचा शाबूत आहे."

आता बाबाची गेली होती.